कळीची साखर

त्या वर्षी ईस्टर उशिरा होता आणि थंडीला मात्र जायची घाई झाली होती. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी देलिमा रानातल्या गुऱ्हाळाकडे निघाली तेव्हा वाटेवरच्या बर्फाचा नुसता चिखल झाला होता. घोट्यापर्यंत पाय रुतत होते आणि खालच्या डबक्यात बेडूक ओरडायला लागले होते. बेडूक ओरडले की मेपलच्या झाडांच्या रसाचं गुऱ्हाळ आवरायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. झाडाच्या कळ्या फुगल्या की त्याचा रस माणसाच्या कामाचा राहत नाही. पाक करायला घेतला तर उकडलेल्या कोबीसारखा वास येतो आणि साखर जिभेला कडवट लागते. तिला आम्ही कळीची साखर म्हणतो आणि गुरांच्या आंबोणात घालतो. देलिमानं बेडूक ऐकले आणि न ऐकल्यासारखं केलं.

तिला थांबून चालणार नव्हतं. नवरा आदेलार ऐन हिवाळ्यात लाकूडतोडीच्या छावणीत ओंडक्याखाली सापडला होता. हाडवैद्यानं खुबा जागेवर बसवला, पण चुलीशेजारच्या बाकड्यावर माणूस आडवा झाला तो झालाच. दोन लेकरं अजून नाक पुसायच्या वयाची. सासरा ओनेझिम घोडी हाकण्यापुरता उरलेला. गाई, गोठा, सरपण, भाकरी आणि या दिवसांत वर रानातलं गुऱ्हाळ, सगळं दोन बायांच्या खांद्यावर आलं होतं. एक देलिमा आणि दुसरी तिची नणंद वालेदा.

वालेदाचं लग्न झालं नव्हतं आणि चाळिशी उलटल्यावर कुणी विषयही काढत नव्हतं. भावाच्या घरातली बिनलग्नाची बहीण म्हणजे घरचं दुसरं घोडंच, तिला नाल तेवढी मारत नाहीत. ती माळ्यावर पोरांशेजारी झोपायची. तिचं म्हणावं असं त्या घरात काही नव्हतं. होता तो हात. तिनं भट्टीत भाजलेल्या पाईच्या पारीला नुसता चमचा लागला तरी ती चुरचुरत तुटायची. दुकानातली पांढरी साखर ती हातात धरायची नाही. "ती नुसती गोड असते, बाकी काही नसते," म्हणायची. घेवड्यात, पावात, पाईत, उकडलेल्या अंड्यावरसुद्धा झाडाचीच साखर, आणि तीसुद्धा कुठं ढेपेची खवून, कुठं पातळ पाकाची, हे तिला न मोजता कळायचं.

आणि आता त्या हाताला गिऱ्हाईक आलं होतं. फादरच्या घरची म्हातारी स्वयंपाकीण लेकीकडे राहायला गेली होती. फादरनं वालेदाला चर्चच्या पायरीवर थांबवून सांगितलं, "ईस्टरच्या जेवणाला तुझ्या हातची साखरेची पाई आण. पाहुणे आहेत. मग बोलू." फादर 'मग बोलू' म्हणाले की झालंच, असं आमच्या रस्त्याकडेच्या घरांच्या अख्ख्या रांगेनं धरलं. फादरच्या स्वयंपाकघरामागे स्वयंपाकिणीला राहायला एक खोली होती. वालेदा एकदा तिथं साफसफाईला गेली होती.

"वहिनी, दाराला आतून कडी आहे गं," तिनं घरी येऊन सांगितलं होतं. "मी लावून बघितली. नुसती बसले पलंगावर. कुणी हाक मारली नाही."

देलिमा तेव्हा हसली होती. मग गाईखाली बसून धार काढताना तिचं हसू आटलं. ही गेली तर वासरं कोण बघणार, बटाटे कोण लावणार, आदेलारला कुशीवर वळवताना दुसऱ्या बाजूनं कोण धरणार? हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही. नणंदेचं चांगलं होत असताना असं मनात आलं याचीच तिला लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून ती त्या दिवसापासून वालेदाशी जरा जास्तच गोड बोलू लागली.

आणखीही एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. ईस्टरआधीचे उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी तिनं संत आनच्या तसबिरीपुढे नवस केला होता. आदेलार पायावर उभा राहू दे, ईस्टर होईपर्यंत गोड जिभेला लावणार नाही. नवस सांगितला की त्यातली शक्ती जाते, म्हणून तोंड बंद. गुऱ्हाळाच्या दिवसांत, जिथं श्वास घेतला तरी गोड लागतं तिथं, हा नवस करणारी बाई एक तर फार धीराची नाही तर फार घाबरलेली. देलिमा घाबरलेली होती.

गुऱ्हाळाच्या खोपीत वाफ इतकी होती की आधी माणूस खोकल्यावरून ओळखावं लागे. चुलवणावर काहील रटरटत होती. फेस उतू जाऊ नये म्हणून वर डुकराच्या चरबीचा तुकडा दोरीनं टांगलेला. वालेदा चुलवणात लाकडं सारत होती. चार दिवस भिजल्या पायांनी रस गोळा करून तिला सडकून पडसं झालं होतं, नाकाचा शेंडा लाल आणि आवाज घागरीतून आल्यासारखा.

ओनेझिमनं घसरगाडीवरचं पिंप दारात आणून लावलं.

"शेवटचं पिंप," तो म्हणाला. "रस पिवळट दिसतोय. म्हातारा झालाय, माझ्यासारखा."

"चव बघितलीत का मामंजी?" देलिमानं विचारलं.

"माझ्या जिभेला काय विचारतेस? तंबाखूनं कधीच मेली ती. घोडीचं मूत दिलंस तरी म्हणेन, जरा अजून आटव." त्यानं पाईप दातात धरला आणि घोडी वळवली. "कळ्या लाल दिसतात हो वरच्या अंगाच्या झाडांना. बघा बायांनो, तुमचं तुम्ही."

वालेदा उभी राहिली. "वरच्या अंगाच्या ना? आपला बराचसा खालचा आहे, सावलीतला," ती स्वतःलाच समजावल्यासारखी म्हणाली.

दुपार कलेपर्यंत दोघी काहिलीपाशी राबल्या. मळी काढायची, लाकडं घालायची, पुन्हा मळी काढायची. देलिमाच्या मनगटात कळ भरली, हाताच्या लवेला वाफेचा चटका बसून चामडी ताणली गेली. पाक दाटत आला तशी ती भोकाची फळी पाकात बुडवून भोकातून फुंकर मारून बघू लागली. पहिल्यांदा काही नाही. मग थेंब उडाले. मग फळीतून लांबलचक फुगा निघाला आणि हवेत डुलून फुटला. साखर धरायची वेळ आली होती. फुंकरीनं पाकाचा दाटपणा कळतो. चव कळायला जीभच लागते.

कोपऱ्यात पत्र्याचा एक डबा होता. त्यात सुरुवातीच्या थंडीतला पाक राखून ठेवला होता, मधासारखा पिवळाधमक, फादरच्या पाईसाठी म्हणून. वालेदानं तो दोन्ही हातांनी उचलून काहिलीपाशी आणला.

"एवढ्या पाकात पाई होईल," ती म्हणाली, "पण मला एक मोठी ढेपही न्यायची आहे. रिकाम्या हातानं कशी जाऊ राहायला? यात मिसळला तर दोन्ही होईल. पण आधी तू चाखून सांग, वहिनी. माझं नाक पार गेलंय. सकाळी कांदा हुंगला, तो पण पाण्यासारखा."

देलिमानं फळीच्या टोकावर पाक घेतला आणि फुंकून गार केला. वाफ नाकात गेली. गोड वासाच्या खाली दुसरा एक वास होता, हिरवट, उग्र, झाकण ठेवून शिजवलेल्या कोबीचा. पुसट होता, पण होता.

तिनं फळी ओठांशी नेली. ओठ घट्ट मिटलेले. वालेदा डबा पोटाशी धरून तिच्या तोंडाकडे बघत होती, घरातल्या सगळ्यांनी आजवर बघितलं होतं तसं. कारण त्या घरात जीभ देलिमाची होती, ती लग्न होऊन आली त्या साली सासूनंच ते जाहीर केलं होतं. देलिमानं गिळल्यासारखं केलं आणि पदरासारख्या पुढे बांधलेल्या फडक्यानं ओठ पुसले.

"कशी आहे?"

"चांगली आहे."

"ओतू?"

नवस आठवला. गाईही आठवल्या. दोन्ही एकदमच आठवलं आणि कुठलं आधी हे तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं.

"ओता," ती म्हणाली.

वालेदानं डबा उपडा केला, बोटानं कडा निपटून घेतल्या. मग दोघींनी लाकडी कोटंब्यात पाक उतरवून घोटायला घेतला, आळीपाळीनं, खांदे भरून येईपर्यंत. पाक फिकट झाला, रवाळ झाला, आणि त्यांनी तो ओनेझिमनं तरुणपणी कोरलेल्या साच्यांत भरला. मोठी ढेप घराच्या आकाराच्या साच्यात. वालेदानं हातानं तिचं छप्पर सारखं केलं.

"फादरच्या पानात पडल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "पोरांना सांगून ठेव."

देलिमानं पोरांना सांगितलं. इतक्या कडक आवाजात सांगितलं की धाकटं रडलं.

गुरुवारपासून चर्चच्या घंटा मुक्या असतात, त्या रोमला उडून गेल्यात असं पोरांना सांगतात; शनिवारी दुपारी त्या परत आल्या. खालच्या गावातून त्यांचा आवाज वर आला आणि पोरं त्या उडताना दिसतात का ते बघायला अंगणात धावली. उपास सुटले. वालेदा सकाळपासून टेबलाशी होती. चरबी पिठात चोळून तिनं पारी लाटली होती, आणि आता लहान साच्यातली एक ढेप सुरीनं खवत होती. साईचा वाडगा शेजारी. साय ती बेतानंच घालायची, झाडाची साखर पारी ओली करते म्हणून. खवलेली साखर टेबलावर बारीक पडत होती आणि ती गुणगुणत होती. नाक अजून चोंदलेलंच होतं, त्यामुळे गुणगुणणं बेडकासारखं येत होतं.

देलिमा चुलीशी उभी राहून बघत होती. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं न खाल्लेलीला खवखवत होतं. अजून वेळ होता. "वन्सं, थांबा," एवढंच म्हणायचं. शेजारणीकडून चांगली ढेप मागून आणता आली असती. थोडं हसं झालं असतं, फादरसाठी म्हटल्यावर कुणी नाही म्हटलं नसतं.

"वन्सं," ती म्हणाली.

"काय गं?"

त्याच वेळी मागून बाकडं करकरलं. आदेलार उठून उभा होता. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरलेली, चेहरा पांढराफटक, पाय लटपटत होते, पण दोन्ही जमिनीला टेकलेले होते.

"ओरडू नका कुणी," तो म्हणाला, "नाहीतर पडेन."

कुणी ओरडलं नाही. ओनेझिमनं पाईप काढून हातात घेतला. वालेदा पिठाच्या हातांनी भावाला धरायला धावली, हसत होती आणि रडत होती, आणि त्याच्या सदऱ्यावर तिच्या पंजांचे पांढरे ठसे उमटले. देलिमानं भिंतीवरच्या संत आनकडे बघितलं. नवस पावला होता. मग तिला वाटलं, आत्ता तोंड उघडलं तर हे सगळं परत जाईल, हा माणूस पुन्हा बाकड्यावर पडेल. असं खरंच वाटलं की वाटून घेतलं, देव जाणे.

"तू काहीतरी म्हणत होतीस," वालेदा परत टेबलाशी येऊन म्हणाली.

"काही नाही. भट्टी तापली का, विचारत होते."

ईस्टरला देलिमा आदेलारपाशी घरीच राहिली. ओनेझिमनं गाडी जोडली, वालेदा पाई मांडीवर घेऊन बसली, ढेप शेजारी स्वच्छ फडक्यात. तिनं केस इतके ताणून बांधले होते की भुवया वर गेल्या होत्या. "ऐटीत बस," म्हातारा म्हणाला, "फादरच्या घरची बाई नेतोय मी." ती खरंच ऐटीत बसली.

संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा म्हातारा घोडीशी बोलत होता, वालेदाशी नाही. वालेदा आत आली, टोपी काढून खुंटीला लावली आणि ताट टेबलावर ठेवलं. ताटात पाई होती. तिचे सगळे तुकडे कापलेले होते आणि एकच कमी होता; काहींचं टोक तेवढं मोडलेलं होतं.

"फादर चांगले बोलले," ती म्हणाली. "त्यांनी सगळा खाल्ला त्यांचा तुकडा. पाणी पीत पीत खाल्ला. पाहुण्यांनी एक घास घेतला आणि रुमाल तोंडाला लावला. मी दारातच उभी होते."

"मग?" आदेलारनं विचारलं.

"मग काय. फादर स्वयंपाकघरात आले. म्हणाले, वालेदा, तुला घरात फार काम असतं, भाऊ आजारी आहे, तुझ्यावर आणखी भार नको. स्वयंपाकाला विधवा सेलानीरला विचारलंय म्हणाले." ती बाकड्याच्या कडेला बसली. "ढेप ठेवून घेतली त्यांनी. परत देणं बरं दिसलं नसतं."

वालेदा आपले हात उलटसुलट करून बघत होती.

"भट्टीच जास्त तापली असणार. नाहीतर साय. साय शिळी होती का गं, वहिनी? साखर तर चांगली होती, तू चाखली होतीस."

"साय ताजी होती," देलिमा म्हणाली.

"मग माझाच हात."

त्या दिवशी जेवताना आदेलारनं बायकोपुढे गुळचट पाव सरकवला. सासऱ्यानंही म्हटलं, खा की, ईस्टर आहे. नवस फिटला होता, तिला मोकळीक होती. देलिमानं घास तोंडात घेतला. चांगल्या पाकाचा होता, मागच्या साली राखलेल्या. तिनं तो फडक्यात काढला आणि पोरांचं तोंड पुसायच्या निमित्तानं उठली.

सोमवारी बादल्या धुवायच्या होत्या. झाडांना लावलेल्या सगळ्या लाकडी बादल्या ओनेझिमनं ओढ्याकाठी आणून टाकल्या आणि तो गोठ्याकडे गेला. पाणी बर्फाचं होतं. हात घातला की हाडापर्यंत जायचं. दोघी गुडघ्यांवर बसून घासत होत्या, एकीनं आतून घासायची, दुसरीनं विसळून पालथी घालायची. वालेदाचं पडसं उतरलं होतं. ती अधूनमधून थांबायची आणि पालथ्या बादल्यांकडे बघायची.

"मी उद्यापासून पाई करणार नाही," ती म्हणाली. "घरात लागली तर तू कर. सांगेन तशी कर."

"असं नका म्हणू."

"का नको? हात गेला की गेला. आईचाही शेवटी गेला होता, आठवतं ना. मीठ दोनदा घालायची."

देलिमानं घासणी पाण्यात सोडली. ती वाहून चालली, वालेदानं हात लांब करून पकडली आणि तिच्यापुढे ठेवली.

"वन्सं, मी चाखलं नव्हतं."

"काय?"

"त्या दिवशी. फळी नुसती ओठाला लावली. माझा नवस होता. यांच्यासाठी. गोड जिभेला लावायचं नव्हतं ईस्टरपर्यंत."

वालेदानं तिच्याकडे बघितलं. मग तिचा चेहरा सैल पडला. भावाचं नाव आलं की तिचं असंच व्हायचं.

"नवस होता होय," ती म्हणाली. "आणि एवढे दिवस गुऱ्हाळात उभी राहिलीस? अगं वेडे." तिनं ओल्या हातानं देलिमाच्या खांद्याला धरलं. "म्हणजे माझा हात नव्हता. साखरच कळीची होती."

"हो."

"पावला की नवस तुझा. उभा राहिला तो." ती पुन्हा घासायला लागली, जोरात, जवळजवळ आनंदानं. एक बादली घासून झाली. दुसरी घेतली. ती अर्धी झाल्यावर तिचा हात मंदावला.

"पण थुंकायचंस की," ती म्हणाली.

देलिमानं विसळलेली बादली पालथी घातली.

"उपासात आपण सगळ्या जणी चाखतोच. चाखायचं आणि थुंकायचं, त्यानं उपास मोडत नाही. आईनं मला शिकवलं. तुलाही तिनंच शिकवलं, त्याच काहिलीपाशी. मी होते तिथं. नवसातही तसंच चालतं, फादरसुद्धा तेच सांगतात."

ओढ्याचं पाणी बादल्यांवर आपटत होतं.

"वास आला होता तुला?"

"आला होता," देलिमा म्हणाली.

"मग?"

खोटं सुचत होतं. चांगलं सुचत होतं, नवऱ्याच्या काळजीनं डोकं चालत नव्हतं असं काहीतरी, आणि वालेदानं तेही मानलं असतं. तेवढंच देलिमाला सहन झालं नाही.

"तुम्ही गेला असतात तर माझ्याजवळ कोण होतं? गाई, पोरं, हे असे पडलेले. मी एकटी काय काय करणार होते? मला तुम्ही जायला नको होतात. मी ठरवून नाही केलं वन्सं, पण तोंड उघडलं असतं तर तुम्ही गेला असतात, म्हणून नाही उघडलं." तिला रडू येत होतं आणि रडायचा आपल्याला हक्क नाही हेही कळत होतं. "मला शिव्या द्या. मारा हवं तर."

वालेदानं शिव्या दिल्या नाहीत. ती हातातली बादली घासत राहिली, तळ, मग कड, मग पुन्हा तळ. बादली कधीच स्वच्छ झाली होती.

"राहा म्हणाली असतीस तर राहिले असते मी," ती म्हणाली. "हसत राहिले असते. खोली काय, कुठंही असते."

देलिमानं मान वर केली.

"आता राहावं लागणार," वालेदा म्हणाली आणि घासलेली बादली विसळायला तिच्या हातात दिली.